शाळेतला उत्सव आणि आजीची भाषा



या व्यासपीठावर बहुधा प्राध्यापक मंडळी बोलतात. मी कामगार चळवळीतला माणूस. १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल थंडावली आणि सातवीतच माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. फ्रेंच मला येत नाही. तरीही आज मी शाळांतून होणाऱ्या फ्रेंच भाषेच्या उत्सवाविषयी बोलणार आहे. हे धाडस का, ते शेवटी सांगतो.

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबरमध्ये अनेक शाळांतून फ्रेंच सप्ताह साजरा होतो. मुले फ्रेंच गाणी म्हणतात, नाटुकली करतात, पदार्थ करून आणतात. बहुतेक राज्यांत हा एका परभाषेचा सोहळा असतो. परंतु मिसिसिपी नदीच्या मुखाशी असलेल्या लुइझियाना राज्यात तसे नाही. तेथे फ्रेंच ही पुष्कळ मुलांच्या आजीची भाषा आहे.

ती तेथे कशी आली? आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकाडी नावाचा फ्रेंच शेतकऱ्यांचा मुलूख होता. तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १७५५ पासून त्यांनी या शेतकऱ्यांना जहाजांत भरून देशोधडीला लावले. त्यांतली काही कुटुंबे दहाएक वर्षांनी लुइझियानात स्थिरावली. त्यांना ‘केजन’ म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशजही तेथे फ्रेंच आणि तिच्याशी नाते असलेली क्रिओल बोलत. तेथले मूळचे इंडियनही फ्रेंच बोलू लागले. या सर्वांचे आवडते कालवण म्हणजे ‘गंबो’. हे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आले आणि कालवण दाट करणारी झाडपाल्याची पूड इंडियनांकडून आली. ही फ्रेंच राजवाड्यातली नव्हे. शेतात राबणाऱ्यांची, कोळंबी धरणाऱ्यांची ती भाषा.

आणि म्हणूनच ती सरकारच्या डोळ्यांत सलली. १९१६ साली राज्यात शाळा सक्तीची झाली. १९२१ च्या राज्यघटनेने शिक्षण केवळ इंग्रजीतून द्यावे असे ठरविले. पहिलीत बसलेल्या पोराला इंग्रजीचा गंध नाही आणि मास्तरांपुढे फ्रेंच बोलायची चोरी! शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही, हे वाक्य कित्येकांना पुन:पुन्हा लिहावे लागले. कोणाला छड्या बसल्या. लघवीला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता येईना म्हणून मुलांचे कपडे जागच्या जागी ओले झाले. म्हातारपणीही ही माणसे ती आठवण सांगताना खाली मान घालीत.

पण छडीपेक्षा मोठी गोष्ट पुढेच घडली. ही मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपण सोसले ते लेकरांच्या वाट्याला नको म्हणून त्यांनी लेकरांशी फ्रेंच बोलणेच सोडले. बंधूंनो, मार एका पिढीने खाल्ला, भाषा मात्र पुढच्या पिढीची गेली. दडपशाहीचे खरे यश हेच. मालकाला पहारेकरी ठेवावा लागत नाही. माणूस आपणच आपल्या तोंडावर पहारा बसवितो.

१९६८ साली वारे फिरले. जेम्स डोमेंजो या वकिलाच्या पुढाकाराने फ्रेंचच्या विकासासाठी राज्याचे मंडळ स्थापन झाले. फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेक येथून शिक्षक आले. पण ते शिकवीत ती पुस्तकी फ्रेंच. आजी मोटारीला ‘शार’ म्हणे, पुस्तकात ‘व्वात्युर’. आजी कोळंबीला ‘शव्हरेत’ म्हणे, पुस्तकात ‘क्रव्हेत’. म्हणजे पूर्वी आजी फ्रेंच बोलते म्हणून चुकत होती, आता नीट फ्रेंच बोलत नाही म्हणून चुकू लागली! याला गौरव म्हणावे काय?

उत्तर कष्टकऱ्यांतूनच आले. ड्यूई बाल्फा नावाचा एक फिडलवादक होता. शेती करी, शाळेची बस चालवी. १९६४ साली तो सोबत्यांबरोबर न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेला. गावाकडचे शहाणे म्हणत, आपले हसे होणार. तेथे हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे हाच माणूस शाळाशाळांतून मुलांपुढे फिडल घेऊन बसला. ज्या शाळेने ती भाषा हाकलली, तिच्याच वर्गात तो ती घेऊन गेला.

दुसरे उदाहरण अलीकडचे. प्वँत-ओ-शियँ हे इंडियन आणि केजन मच्छीमारांचे गाव. फ्रेंचमधून शिक्षण मागत असता २०२१ साली त्यांची शाळाच बंद करण्यात आली. लोक संघटित झाले, विधिमंडळापर्यंत गेले. २०२२ साली कायदा झाला, २०२३ साली नवी शाळा उघडली. तेथे गावची फ्रेंच शिकविण्याला मान आहे. उत्सव कोणीही देईल. हक्क मात्र संघटनेनेच मिळतो, हा माझ्या धंद्यातला अनुभव तेथेही खरा ठरला.

आता, मी हे का सांगितले? माझे वडील गिरणीत साचेवाले. घरात साताऱ्याकडची बोली. शाळेत मी ‘पानी’ म्हटले म्हणून एका मास्तरांनी ‘पाणी’ शंभर वेळा लिहविले, आणि वर्ग हसला. शुद्ध शब्द शिकविल्याबद्दल मी त्यांचा ऋणीच आहे. पण त्या दिवशी घरी गेल्यावर आई बोलू लागली, तेव्हा मला तिची लाज वाटली. ते ऋण मात्र माझ्या आईचे, आणि ते आजवर फिटलेले नाही.

आपली मुले फ्रेंच शिकोत, जर्मन शिकोत. त्यांच्या सप्ताहाला आपण हौसेने जाऊ. माझे मागणे एवढेच की, त्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या आजीला पहिल्या रांगेत आणावे आणि तिच्या बोलीत दोन शब्द बोलायला सांगावे. तेव्हा वर्ग हसला नाही, तर शाळा काही शिकली असे मी समजेन.