समुद्राचे मुद्दल



मासळी हा विषय व्याख्यानाच्या व्यासपीठावर क्वचितच येतो. आपण त्याविषयी बोलतो ते बाजारात, आणि तेही तक्रारीच्या सुरात. पापलेट महागले, सुरमई परवडत नाही, बांगडा पूर्वीसारखा मिळत नाही. जे मासे खात नाहीत त्यांनीही आज थोडा वेळ हा विषय ऐकावा अशी माझी विनंती आहे, कारण हा नुसता जिभेचा प्रश्न नाही. जी संपत्ती कोणा एकाच्या मालकीची नाही, ती सर्वांनी मिळून कशी राखावी, असा तो प्रश्न आहे.

समुद्र अथांग आहे, तेव्हा मासेही अमाप असणार, असे आपल्याला सहज वाटते. थोरामोठ्यांनाही ते वाटले आहे. थॉमस हक्सले हे डार्विनच्या मताचे खंदे पुरस्कर्ते आणि मोठे प्राणिशास्त्रज्ञ. 1883 साली लंडन येथे भरलेल्या मत्स्यव्यवसायाच्या प्रदर्शनात त्यांनी सांगितले की, कॉडसारख्या समुद्री माशांचा साठा न आटणारा आहे. माणसाने कितीही मासे धरले तरी त्यांच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. त्या काळच्या होड्या आणि जाळी पाहता हे विधान अगदीच वावगे नव्हते. पण पुढे शिडाच्या जागी वाफ आली, वाफेच्या जागी तेलाचे इंजिन आले, आणि पाण्याखालचा थवा दाखवणारी यंत्रे आली. अखेर 1992 साली कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30 हजार माणसांचा रोजगार एका निर्णयाने गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती उठवायला 2024 साल उजाडले.

आता कोणी विचारील, तेथे शास्त्रज्ञ नव्हते काय? होते, आणि चांगले होते. मग चूक कोठे झाली? एक कारण समजून घेण्यासारखे आहे. मासे कमी झाले तरी उरलेले मासे दाट थवे करून राहिले, आणि सुधारलेल्या बोटी नेमक्या त्या थव्यांवर जाऊन पोचल्या. जाळी भरून येत राहिली. जाळे भरले म्हणजे समुद्र भरलेला आहे, हा समज माणसाला किती महागात पडतो, ते तेथे दिसले. बँकेतून दरमहा तेवढीच रक्कम मिळते म्हणून आपण निर्धास्त असावे, आणि पासबुक उघडल्यावर कळावे की व्याज केव्हाच संपले, आपण मुद्दल खात होतो. तसाच हा प्रकार.

तेव्हा मत्स्यसंशोधनाचे पहिले काम म्हणजे हे पासबुक लिहिणे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली. तिची माणसे बंदरोबंदरी जातात, उतरलेल्या मासळीतून नमुने घेतात, लांबी मोजतात, वजन करतात, पोट फाडून अंडी पाहतात. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडात जशी वर्षे उमटतात, तशा त्या खड्यात वाढीच्या रेषा उमटतात, आणि त्यांवरून वयाचा अंदाज येतो. मासा कोणत्या वयात पहिल्यांदा अंडी घालतो, किती घालतो, आणि त्याआधीच त्यातले किती मासे जाळ्यात सापडतात, हे यावरून कळते. काम कंटाळवाणे आहे. पण दर्यावर किती काढावे आणि किती ठेवावे, याचे उत्तर दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

या कामातून निघालेला नियम साधा आहे. प्रत्येक माशाला मरण्यापूर्वी निदान एकदा वीण करू द्यावी. केरळने 2015 साली काही जातींसाठी किमान लांबी कायद्याने ठरवली. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी ठरवली, आणि त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. पापलेटाचे कायद्याचे माप आहे 135 मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पापलेट पहिल्यांदा अंडी घालते ते याहून मोठे झाल्यावर. एवंच, हे माप उदार नाही, किमान आहे. आणि त्याहूनही लहान पिल्ले बाजारात वाट्यावर विकली जातात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

पण जाळ्यात आलेले पिल्लू परत पाण्यात टाकले तरी बहुधा ते मेलेलेच असते. म्हणून ते मुळात जाळ्यात न येण्याची युक्ती हवी. ट्रॉलरचे जाळे ओढले जाते तेव्हा त्याच्या शेवटच्या पिशवीची शंकरपाळ्याच्या आकाराची भोके ताणाने मिटतात, आणि बोटाएवढे पिल्लूही आत अडकते. तीच जाळी चौकोनी भोकांची लावली तर ताण पडला तरी भोके उघडी राहतात आणि लहान मासा निसटतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने या चौकोनी भोकांच्या पिशवीचा पुरस्कार केला आहे. येथे कोणतेही महागडे यंत्र नाही. फरक आहे तो फक्त भोकाच्या आकाराचा.

मग अडते कोठे? अडते माणसाच्या मनात, आणि ते मन आपण समजून घेतले पाहिजे. बोटीवर कर्ज आहे, डिझेल महाग आहे, खलाशांचा पगार द्यायचा आहे. अशा तांडेलाने म्हटले की, मी सोडलेले पिल्लू उद्या शेजारच्या बोटीला मिळणार, मग मीच का सोडू, तर त्याला लोभी म्हणून भागत नाही. एकट्याने पाळलेला नियम म्हणजे दंड. सर्वांनी पाळलेला नियम म्हणजे ठेव. आपल्या कोळी बांधवांना हे तत्त्व परके नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात लोटायची नाही, ही रीत सर्व गाव पाळीत असे, म्हणूनच ती टिकली. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात असलेली 61 दिवसांची बंदी ही एका परीने त्याच रीतीची सरकारी आवृत्ती आहे.

आता दुसरा मार्ग. रानातली शिकार सोडून माणूस जसा शेतीकडे वळला, तसे मासळीचेही करावे, असे कोणी म्हणेल. हे काम चालू आहे आणि त्यातले यश मोठे आहे. गोड्या पाण्यातले रोहू-कटला तळ्यात वाढतात, पण अंडी घालतात वाहत्या नदीत. म्हणून बीजासाठी नदीवर अवलंबून राहावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून ही कोंडी फोडली. समुद्रकाठच्या कोळंबीशेतीची कथा अधिक बोधप्रद आहे. वाघ्या कोळंबीच्या तळ्यांत 1990 च्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला आणि तळीच्या तळी बुडाली. 2009 साली व्हन्नामेई नावाची परदेशी कोळंबी आणताना मात्र तिची जनक जोडी ठरावीक रोगांपासून मुक्त असल्याची खात्री करून, विलगीकरणात ठेवून, मगच पिलांसाठी द्यावी, अशी व्यवस्था केली. आज आपल्या समुद्री मालाच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशात कोळंबीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

तथापि शेतीने समुद्राची सुटका झाली असे समजू नये. कोळंबीच्या खाद्यात माशांची भुकटी घालतात, आणि त्या भुकटीसाठी लहान मासे समुद्रातूनच येतात. पिल्ले पकडून त्यांची भुकटी करायची आणि ती तळ्यात घालायची, म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालताना वाटेत थोडे सांडणे होय. म्हणून वनस्पतिजन्य खाद्यावर चाललेले संशोधन मोलाचे आहे. कालवे आणि गोव्यात ज्यांना शिनाणी म्हणतात ते हिरवे शिंपले यांची शेती तर याहून सोयीची. ते पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून खातात, त्यांना वेगळे खाद्य घालावे लागत नाही.

मित्रहो, शास्त्रज्ञ माप सांगू शकतो, सरकार कायदा करू शकते, तांडेल जाळे बदलू शकतो. पण वीतभराहून लहान पापलेटाला गिऱ्हाईक आहे तोवर ते कोणी ना कोणी धरून आणणारच. जाळ्याचे एक टोक दर्यावर असते, आणि दुसरे आपल्या पिशवीत. कोळणीपुढे उभे राहून आपण जर म्हटले, “मावशी, ही पिल्ले नकोत, मोठा मासा असेल तर द्या, नाहीतर आज सुके बोंबील चालतील,” तर तो निरोप बंदरावर पोचायला वेळ लागणार नाही. कारण बाजारात काय खपते आणि काय पडून राहते, हे कोळणीइतके दुसऱ्या कोणालाही नेमके ठाऊक नसते. मुद्दल सर्वांचे आहे. व्याजावर भागवायचे की नाही, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे.