मोझांबिकची तूर आणि आपली मुदतठेव



परदेशातील व्यापाराच्या संधी या विषयावर बोलायची आज्ञा झाली आहे. मी बँकेतला कारकून, बी.कॉम. झालेला; अर्थतज्ज्ञ नव्हे. पण गेल्या वर्षभरात आपल्याच समाजातल्या तीन घरांनी मला एकच प्रश्न विचारला. आफ्रिकेत शेतजमीन स्वस्त मिळते म्हणतात, मुदतठेव मोडून पैसे घालावेत का? म्हणून अख्खी आफ्रिका बाजूला ठेवून मी मोझांबिक या एकाच देशाबद्दल बोलतो. त्याची तूर आपल्या वरणात आहे.

परदेशी व्यापार बुऱ्हाणपूरला नवा नाही. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी इथून गेला. इथले कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. मोझांबिकही आपल्याला अगदी परके नाही. पोर्तुगीजांच्या काळात 1752 पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे. 1975 साली देश स्वतंत्र झाला. जमिनीखाली कोळसा, माणिक, ग्रॅफाइट, समुद्रात नैसर्गिक वायू. आणि तरीही जगातल्या गरीब देशांत त्याची गणना होते.

आता तुरीचे बघा. 2015 मध्ये आपल्याकडे डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, गृहिणींना आठवत असेल. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मापुटोला गेले आणि करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढत वाढत 2020-21 मध्ये दोन लाख टन तूर भारत घेणार. 2021 मध्ये त्याला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. तिकडचे लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत, पिकवतात ती मुख्यतः आपल्यासाठी. पण करार झाला त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला, तुरीचे अमाप पीक आले. हमीभाव 5050 रुपये क्विंटल, आणि 2017 च्या सुरुवातीला बऱ्याच बाजारांत भाव चार हजारांच्या आसपास! कपाशीत तुरीचे तास घेणारा आपला शेतकरी बुडाला. मग ऑगस्ट 2017 मध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. भारत घेईल या भरवशावर जास्त पेरणाऱ्या तिकडच्या शेतकऱ्याचाही भाव कोसळला. म्हणजे एका वर्षात दोन्हीकडचे शेतकरी मेले, आणि दोघांनाही आधी कोणी काही सांगितले नव्हते.

मोठ्या भांडवलाचे काय झाले? रिओ टिंटो या बलाढ्य कंपनीने 2011 मध्ये तिथला कोळसा मिळवण्यासाठी सुमारे 370 कोटी डॉलर मोजले. कोळसा होता, पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा? झांबेझी नदीतून बार्जने न्यायला सरकारने परवानगी दिली नाही, रेल्वे अपुरी. 2014 मध्ये आपल्या सरकारी कंपन्यांच्या आयसीव्हीएलने तो हिस्सा फक्त पाच कोटी डॉलरला घेतला. वायूच्या क्षेत्रात आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा दहा टक्के हिस्सा होता. तो ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने सुमारे 247 कोटी डॉलरला विकत घेतला. व्हिडिओकॉनला एवढे पैसे मिळूनही 2018 मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, ते बँकवाल्यांना चांगलेच ठाऊक आहे. इकडे मार्च 2021 मध्ये पाल्मा गावावर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि वायूचे काम साडेचार वर्षे ठप्प राहिले. सरकारी तिजोरी हे सोसू शकते. तुमची-माझी ग्रॅच्युइटी नाही.

आता त्या स्वस्त जमिनीकडे येतो. मोझांबिकच्या राज्यघटनेप्रमाणे सगळी जमीन सरकारच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. मिळतो तो वापराचा हक्क, गुंतवणूकदाराला फार तर पन्नास वर्षांचा, पुढे नूतनीकरण. तेव्हा 'तिथली जमीन तुमच्या नावावर करून देतो' असे जो म्हणेल त्याला चहा पाजून दारापर्यंत सोडून या. शिवाय सगळे कागद पोर्तुगीजमध्ये. सही कशावर करतो हेही कळायचे नाही.

मग काहीच करू नये का? करावे, पण माल विकावा. तिथल्या बायका कापुलाना नावाचे छापील कापड कमरेला गुंडाळतात, आणि त्यातले बरेचसे भारतातूनच जाते. आपल्या मागांवर कोरे कापड निघते. छपाईवाल्याशी जोडणी करून दोन-चार मागवाले एकत्र आले तर एक कंटेनर भरणे अशक्य नाही. मात्र व्यवहार डॉलरमध्ये ठरवावा. 2014 मध्ये डॉलरला तीस-बत्तीस असलेले त्यांचे मेटिकाल 2016 मध्ये, सरकारचे छुपे कर्ज उघडकीस आल्यावर, पाऊणशेच्या पुढे घसरले होते. नुसत्या एलसीवर खूश होऊ नका. ती उघडणारी बँक तिथलीच असते, म्हणून आपल्याकडच्या मोठ्या बँकेने ती कन्फर्म केलेली असावी. आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा घ्यावा. 1957 पासून ती हेच काम करते, पण आपल्या बाजारात किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे? खर्च वाढतो हे खरे. नफा कमी दिसला तर तो सौदा सोडावा.

एक मागणी मात्र मंडळाने लेखी करावी, असे मला वाटते. तूर किती आणि केव्हा आयात होणार हे केंद्राने दरवर्षी मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करावे, आणि मधेच बदलू नये. खासदारांना पत्र मराठी आणि हिंदी दोन्हीत द्यावे. मसुदा मी केला आहे, तो चिटणीसांकडे आहे; सह्या आजच घेतल्या तर बरे.