मागच्या यंत्राची मोटार

जबलपूर हे पोलादाची पारख असलेले शहर. तोफगाड्यांचा कारखाना तेथे १९०४ साली निघाला. लष्करी वाहनांचा १९६९ साली. अशा शहरातही नाव पुसलेली एखादी जुनी युरोपीय मोटार समोर आली, तर जाणता कारागीर क्षणभर थबकेल. पुढचे झाकण उघडावे, तर आत सामानाची पोकळी! यंत्र बसवलेले असते पाठीमागे.

मग ओळखावे कशावरून? नावाच्या पट्टीवरून नव्हे. पट्टी बदलता येते. शिवाय एकच रूप अनेक घरी नांदते. १९५५ ची इटालियन फियाट ६०० स्पेनमध्ये सेआत झाली, युगोस्लाव्हियात झास्ताव्हा. फ्रान्सची रेनॉ ४ सीव्ही जपानात हिनोने बांधली. तेव्हा आधी यंत्रालाच विचारावे. पाण्याने थंड होणारी, एका ओळीतली चार सिलिंडरे दिसली, तर पहिला तर्क फियाट वा रेनॉचा.  हवेने थंड होणारी, समोरासमोर निजलेली चार असली तर बहुधा फोक्सवॅगन. मात्र चेक टाट्रानेही तशी चार वापरली, म्हणून घाई नको. शेवटी सांगाड्यावरचा क्रमांक कागदांशी ताडावा.

ही नुसती हौस नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, ती सांगाडा, बाह्यांग व यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. ओळख पटण्यापूर्वीच दुसरे यंत्र बसवले, की गाडी धावू लागते खरी. पण तिचे कूळ बुडते.