एका ‘किंवा’ची गोष्ट

आम्ही लंडनच्या आसपास राहणाऱ्या काही मराठी बायका महिन्यातून एकदा जमतो. डबे उघडतात, सुखदुःखाच्या गप्पा होतात. मागे एकदा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा होता. घर भाच्याला, आणि उरलेला पैसा ‘आपल्या मंडळातल्या मुलींच्या शिक्षणासाठी किंवा कोणत्याही सत्कार्यासाठी’. आम्हाला अगदी भरून आलं. पण आमच्यातली कायदा शिकलेली एकजण म्हणाली, “काकू, एका ओळीत दोन चुका आहेत हो!” त्या दोन चुका आज तुम्हालाही सांगतो.

इंग्लंडमध्ये कायदा ज्याला धर्मादाय हेतू मानतो, त्या ट्रस्टला करात सवलत मिळते आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो. पण धर्मादाय म्हणजे काय? १६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, एका कायद्याच्या प्रस्तावनेत यादी दिली गेली. म्हातारे, दुबळे आणि गरीब यांना मदत, जखमी सैनिक, शाळा, पूल, रस्ते, अनाथ मुलं. गरीब मुलींची लग्नंसुद्धा त्यात होती! पुढे १८९१ मध्ये पेम्सेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्याचे चार गट सांगितले: गरिबी दूर करणं, शिक्षण, धर्म आणि समाजाच्या उपयोगाची इतर कामं. आज २०११ च्या कायद्यात तेरा प्रकार आहेत. आरोग्य, कला, पर्यावरण, प्राण्यांची काळजी, सगळं त्यात येतं. आपल्या महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातही गरिबी, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोग असेच हेतू वाचायला मिळतात.

पण काम यादीत बसलं म्हणजे झालं, असं नाही. त्याचा लाभ जनतेला, निदान जनतेच्या एका खऱ्या भागाला व्हायला हवा. काकूंची पहिली चूक इथे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ओपनहाइम नावाचा एक खटला गाजला. एका तंबाखू कंपनीच्या कामगारांच्या मुलांना शिकवण्यासाठी ट्रस्ट होता. कामगार एक लाख दहा हजारांहून जास्त! तरी न्यायालय म्हणालं, ही जनता नव्हे. कारण सगळ्यांना जोडणारा धागा एकाच मालकाची नोकरी हा होता. मग आमच्या पंचवीस-तीस घरांच्या मंडळाला जनता कोण म्हणणार? गरिबी निवारणाच्या ट्रस्टला या बाबतीत बरीच सूट आहे, शिक्षणाला नाही.

दुसरी चूक त्या ‘किंवा’ची. केलेब डिप्लॉक नावाचे गृहस्थ १९३६ साली वारले. आपली उरलेली संपत्ती ‘धर्मादाय किंवा परोपकारी’ कामांना द्यावी, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. व्यवस्थापकांनी दोन लाखांहून अधिक पौंड १३९ संस्थांना वाटूनही टाकले. मग नातेवाईक न्यायालयात गेले. १९४४ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकाल दिला की परोपकारी असलेलं प्रत्येक काम कायद्याच्या अर्थाने धर्मादाय नसतं. ‘किंवा’मुळे पैसा त्या बाहेरच्या कामांनाही जाऊ शकतो, म्हणून ती तरतूदच रद्द! वाटलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुढे कित्येक वर्षं खटले चालले. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांत रुग्णालयंही होती.

हे ऐकून काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या ‘सत्कार्या’पायी मुलींच्या हाती काहीच नाही?” आम्हालाही ते लागलं. कारण भांडायला वारस येतात. ज्या मुलीची फी भरली जाणार होती, तिला तर असा कागद होता हेसुद्धा कळत नाही.

काकूंनी तिथेच पेन मागितलं. ‘मंडळातल्या’ खोडून ‘या शहरातल्या गरजू’ लिहिलं, आणि ‘किंवा’पासून पुढचं सगळं काटलं. नंतर कागद वकिलाला दाखवून, साक्षीदारांसमोर सही करून पक्का केला.

मैत्रिणींनो, देण्याची इच्छा आपल्याकडे भरपूर असते. ती कागदावर उतरवताना दोन प्रश्न विचारा. हा लाभ आपल्या ओळखीबाहेरच्या लोकांपर्यंत पोचतो का? आणि वाक्यात एखादा ‘किंवा’ लपलाय का? मग जाणत्या वकिलाला दाखवा, आणि निश्चिंत व्हा.