केनिया, टांझानिया आणि खाजगी भांडवल

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील केनिया व टांझानिया हे सख्खे शेजारी. दोघांवर इंग्रजांचा अंमल होता, दोघांच्या बाजारपेठेची भाषा स्वाहिली. टांगानिका १९६१ साली स्वतंत्र झाला, केनिया १९६३ साली. परंतु आरंभीची शिदोरी सारखी नव्हती. गोऱ्या मळेवाल्यांमुळे नैरोबीत पेढ्या व कारखाने आधीच उभे राहिले होते, आणि तेथील माल शेजारच्या मुलखातही खपत असे. पुढील तुलना करताना हे विसरून चालणार नाही.

केन्याटांच्या सरकारने १९६४ साली कायदा करून परकी भांडवलदाराला आपला नफा व मुद्दल मायदेशी नेण्याची हमी दिली. १९६५ च्या सरकारी निबंधाच्या शीर्षकात ‘आफ्रिकी समाजवाद’ होता. व्यवहार मात्र खाजगी मालकीचाच राहिला. तथापि हे अभय कारखानदाराला होते, किरकोळ दुकानदाराला नव्हे. १९६७ च्या परवाना कायद्याने नागरिक नसलेल्या व्यापाऱ्यांवर निर्बंध आले, आणि अनेक हिंदी कुटुंबांनी इंग्लंडची वाट धरली.

टांझानियाने त्याच वर्षी उलट दिशा घेतली. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी अरुशा येथील घोषणा प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्यात बँका सरकारजमा झाल्या. विमा, मोठ्या आयात-निर्यातीच्या पेढ्या आणि घायपाताच्या मळ्यांतील मोठा हिस्साही गेला. १९७१ साली एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारतींवर पाळी आली. जे घेतले त्याची नोंद सरकारी दप्तरात राहते. भीतीपोटी जे बांधलेच गेले नाही, त्याची नोंद कोठे होणार? मात्र न्येरेरे यांना केवळ हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील भांडवल बव्हंशी युरोपीय व आशियाई हातांत होते. ते मोकळे सोडले असते, तर राज्य आफ्रिकी आणि अर्थव्यवहार परका, अशी स्थिती झाली असती. हा पेच खराच होता.

१९७७ साली पूर्व आफ्रिकी संघ मोडला आणि दोन्ही देशांमधील सीमा १९८३ पर्यंत बंद राहिली. पुढे तेलाची महागाई आणि ईदी अमीनशी युद्ध. १९८५ साली न्येरेरे पायउतार झाले. १९८६ साली टांझानियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला.

येथून चित्र पालटू लागले. १९९७ चा गुंतवणूक कायदा आणि १९९८ चा खाण कायदा यांमागोमाग व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेस सोन्याच्या मोठ्या खाणी उघडल्या. इकडे केनियाची भ्रष्टाचारापायी अपकीर्ती झाली होती. १९९१ साली दात्या राष्ट्रांनी मदत रोखली. पुढे बरीच वर्षे थेट परकी भांडवल टांझानियाकडेच अधिक वळले. या आकड्यांवरून केनिया हरला असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. खाणीत पैसा ओतला जातो तो यंत्रांत, रोजगार त्या मानाने थोडा. केनियातील फुलांचे मळे, बँका आणि २००७ साली सुरू झालेली ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय यांनी देशी उलाढाल वाढविली, आणि परकी भांडवलाच्या कोष्टकात ती पुरती उतरत नाही. केनियाची एक मोठी बँक तर १९९७ सालीच दार-ए-सलामला जाऊन बसली!

टांझानियातही जुना संशय मावळला नव्हता. २०१७ साली सरकारने कच्च्या सोन्याच्या भुकटीची निर्यात रोखली व एका खाण कंपनीकडे करापोटी तब्बल १९,००० कोटी डॉलर मागितले. २०१९ साली तडजोड झाली ती ३० कोटी डॉलरवर, आणि खाणींत सरकारला १६ टक्के भागीदारी मिळाली.