यादीत नाव नाही, त्या घरी कोण जाणार?

(निघोजे येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निघोजे हे इंद्रायणीच्या परिसरातले गाव. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. ज्येष्ठात या दोन्ही गावांतून पालख्या निघतात आणि साधारण त्याच सुमारास महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागू लागतात. वारीत चालणाऱ्याला कोणी गुणपत्रिका विचारत नाही. महाविद्यालयाच्या दारात मात्र ती विचारावीच लागते. कारण तेथे जागा मोजक्या असतात. म्हणूनच एकाच आळीतल्या दोन घरांपैकी एका घरी पेढे वाटले जातात आणि शेजारच्या घराचे दार दुपारपासून लोटलेले असते.

या दिवसांत गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्रे छापून येतात. ते व्हायलाच हवे. परिश्रमाचे कौतुक करणे हा समाजाचा धर्म आहे. प्रश्न दुसऱ्या घराचा आहे. ज्याचे नाव यादीत आले नाही, किंवा जो प्रतीक्षायादीत लटकून राहिला, त्याच्या घरी कोण जाते? बहुधा कोणी जात नाही. गेलेच कोणी, तर 'किती टक्के पडले?' एवढे विचारून परततात. आजचा विषय त्या घराचा आहे.

प्रथम ही यादी नेमके काय सांगते, ते समजून घेऊ. २०२४ साली आयआयटीच्या प्रवेशासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही परीक्षा सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थ्यांनी दिली. देशातील २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १७ हजार ७४०. म्हणजे दहातील नऊ जणांना परत फिरावे लागणार, हे परीक्षेआधीच ठरलेले होते. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' देणारे २३ लाखांहून अधिक होते आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला असता, तरी जागा तेवढ्याच राहिल्या असत्या. यादीने जागा आणि अर्ज यांचा हिशेब मांडला. त्या मुलाची जिज्ञासा, त्याच्या हाताचे कौशल्य, त्याचा प्रामाणिकपणा यांविषयी यादीने काहीही म्हटलेले नाही. ते म्हणतात घरातली आणि गावातली माणसे.

सर्वांत खोल घाव बसतो तो येथेच. महाविद्यालयाचा नकार संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत येतो. परंतु 'तुझ्यासाठी काय कमी केलं होतं?', 'आत्याच्या मुलाला मिळालं, तुला का नाही?', 'आता चारचौघांत काय सांगायचं?' ही वाक्ये जेवणाच्या ताटावर महिनोन्‌महिने येत राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. या सर्वांचे कारण परीक्षा हेच नव्हते. तरीही ज्ञानोबा-तुकोबांचे नाव घेणाऱ्या राज्याने हा आकडा वाचून स्वस्थ बसू नये. मूल अबोल झाले, जेवण-झोप सुटली, निरवानिरवीचे बोलू लागले, तर 'होईल ठीक' म्हणून टाळू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते, आपल्या भाषेतही बोलते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जसा कमीपणा नाही, तसाच यातही नाही.

नकार ही काही आजची गोष्ट नाही. वंदे मातरम्‌च्या घोषणेबद्दल क्षमा मागण्यास नकार देणाऱ्या केशव हेडगेवार या विद्यार्थ्याला नागपूरच्या नील सिटी विद्यालयातून काढून टाकण्यात आले. त्यांना दार बंद झाले ते तत्त्वासाठी; आजच्या मुलाला ते बंद होते गुणांमुळे. हा भेद आहेच. पण त्यानंतर त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत ते गेले, तीही बंद पडल्यावर पुण्यास आले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१० साली कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल होऊन डॉक्टर झाले. एक दार बंद झाल्यावर शिक्षण पुढे कोठे चालू ठेवता येईल, एवढाच प्रश्न त्यांनी समोर ठेवला.

दुसरे उदाहरण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे चित्रकला शिकायला गेले. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही, असे आढळले आणि चित्रकाराचे स्वप्न सोडावे लागले. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षकी केली. तेथेही हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ते बेळगावला परतले. सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, असा तो प्रवास आहे. पुढे याच जे. जे.ने आर. के. लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला. त्यांच्या चित्रांत आवश्यक ती गुणवत्ता दिसत नाही, असे कळवले. लक्ष्मण यांनी म्हैसूरला पदवी घेतली, रेखाटणे सोडले नाही आणि त्यांचा 'कॉमन मॅन' घराघरांत पोहोचला.

मात्र एक सावधगिरी हवी. नाकारलेला प्रत्येक मुलगा किर्लोस्कर किंवा लक्ष्मण होत नाही, आणि व्हायची आवश्यकताही नाही. 'बघ, ते केवढे मोठे झाले' असे सांगून मुलाच्या खांद्यावर दुसरे ओझे ठेवू नये. उत्तम परिचारिका, जाणता शेतकरी, हाताचा सच्चा फिटर आणि वर्गावर प्रेम करणारा शिक्षक यांच्यावरही राष्ट्र उभे असते.

आता पर्यायांकडे वळू. या परिसराला उदाहरण दूर शोधावे लागत नाही. चाकण औद्योगिक क्षेत्रात २००९ साली फोक्सवॅगनचा आणि २०१० साली महिंद्राचा कारखाना सुरू झाला. दोन्ही कारखान्यांच्या पत्त्यात निघोजे हे नाव आहे. ज्या शिवारात नांगर चालत होता, तेथे आज यंत्रमानव मोटारींचे सांगाडे जोडतात. ते यंत्रमानव चालू ठेवणारी, साचे दुरुस्त करणारी, हवेच्या दाबावर आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रणांचे दोष शोधणारी माणसे लागतात. त्यांतली बरीचशी आयटीआय आणि पदविका या वाटेने आलेली असतात.

ही वाट बंद गल्लीत जात नाही. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेणारा विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतन घेत शिकता येते. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची, तर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. आणि ज्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी, म्हणजे आजच्या सीओईपी विद्यापीठासाठी, एवढी चढाओढ लागते, त्याचा आरंभ १८५४ साली सार्वजनिक बांधकामाच्या दुय्यम कर्मचाऱ्यांना शिकवणारा वर्ग म्हणून झाला होता. शिक्षणसंस्थेची प्रतिष्ठा तेथे वर्षानुवर्षे झालेल्या कामातून येते, आणि माणसाचीही तशीच येते.

या वाटेतले खड्डेही सांगायला हवेत. प्रमाणपत्र हाती आले की कायम नोकरी मिळाली, असे होत नाही. कंत्राटी पद्धतीने काही महिने घेऊन पुढे थांबवले जाणारे अनेक तरुण या पट्ट्यातच आहेत. म्हणून केवळ कारखान्याचे फाटक जवळ आहे, या कारणास्तव ट्रेड निवडू नये. त्या कामात पुढे काय शिकता येईल, पाच वर्षांनी ते कौशल्य दुसरीकडे नेता येईल का, हे विचारून निवडावा.

प्रतीक्षायादीविषयी थोडे व्यावहारिक. आधीच्यांनी जागा सोडल्या, तरच प्रतीक्षायादी पुढे सरकते. त्यामुळे हातात आलेली बरी जागा सोडून केवळ आशेवर बसणे धोक्याचे. प्रवेशफेरीचे नियम स्वतः वाचावेत. २०२५ च्या राज्यव्यापी अकरावी प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडत होता. असे नियम दरवर्षी थोडे बदलतात. शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर पसंतीक्रम भरू नये. पुन्हा एक वर्ष परीक्षेसाठी द्यायचे, तर ते मुलाच्या इच्छेने द्यावे, पालकांच्या हट्टाने नव्हे. आणि त्या वर्षातही दुसरी एक वाट उघडी ठेवावी.

येथे पैशाचा विषय अटळ आहे. जमिनीचा मोबदला घरात आला आहे, तेवढ्यात कोणी मध्यस्थ येऊन 'मागच्या दाराने जागा मिळवून देतो' म्हणतो. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. वडिलोपार्जित शेत एकदाच विकले जाते. ते पैसे बेकायदा देणगीत घालवणे म्हणजे मुलाला शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी लबाडीचा धडा देणे होय.

मुलींच्या बाबतीत तर अधिक जागरूकता हवी. मुलाला नकार मिळाला की घर दुसरे महाविद्यालय शोधते. मुलीला मिळाला की काही घरांत स्थळे शोधली जातात. एका यादीने तिचे शिक्षण संपवू नये. २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ही सवलत व्यवस्थापन कोट्याला नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एखादी मुलगी घरी बसली, तर तो दोष तिचा नसेल.

शेवटी पुन्हा त्या लोटलेल्या दाराकडे येऊ. तुकोबांना त्यांच्या काळच्या अधिकाऱ्यांनी कवित्वाचा अधिकार नाकारला होता. परंपरा सांगते, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आज त्यांची गाथा विद्यापीठांत अभ्यासली जाते आणि विरोध करणारे रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. त्या नदीच्या आसपास राहणाऱ्यांनी एका यादीवरून मुलाची किंमत ठरवू नये.

कार्यकर्त्यांना विनंती एवढीच. सत्काराचे कार्यक्रम करा. पण त्याच आठवड्यात आपल्या वस्तीतील अशा घरांची नावे काढा आणि जोडीने त्यांच्याकडे जा. उपदेश करू नका. चहा घ्या, मुलाशी बोला, त्याला कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही, ते विचारा. दुसऱ्या भेटीत पदविका झालेल्या, आयटीआयतून पुढे गेलेल्या, मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आपल्यातल्याच एखाद्या दादाला किंवा ताईला बरोबर न्या. पुढच्या फेरीची तारीख, लागणारे दाखले, अर्ज भरण्याचे ठिकाण हे सारे त्या घराबरोबर बसून पाहा. आणि पालकांनी आज घरी गेल्यावर मुलाच्या पाठीवर हात ठेवून एवढेच म्हणावे, 'यादी झाली बाळा. आता पुढचं आपण मिळून बघू.' मग त्याच्याबरोबर जेवायला बसावे.