सांधेदुखी आणि फिजिओथेरपीचे शिक्षण



सरकारी फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आम्ही वैद्यकावर बोलावे, हे धार्ष्ट्यच. परंतु दुखरा गुडघा हाही एक गुरूच असतो.

पन्नाशी उलटली आणि क्वार्टरचा जिना आम्हांस गड वाटू लागला. आम्ही चालणे सोडले, तेल चोळले, शेक घेतला. वर्षभरात मांडी वाळली आणि दुखणे दुणावले. अखेर एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने आमची चूक दाखविली. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने खेळणाऱ्या सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. मांडीचे स्नायू सबळ झाले की गुडघ्यावरील ताण कमी होतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, पण वेदना उणावते. खुर्चीवर बसून पाय सरळ धरण्याचा तो साधा व्यायाम! तीन महिन्यांत आम्ही जिना चढलो.

ही विद्या म्हणजे नुसते अंगमर्दन नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय निघाले. शरीररचना आणि स्नायूंची गती यांचा तेथे शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायास राष्ट्रीय आयोगाची चौकट दिली.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. पोलाद घडविताना झिजलेले गुडघे आपल्या घरोघरी आहेत. म्हणून एवढीच विनंती : कन्येने हा अभ्यासक्रम निवडला, तर ‘मालिश करणार का?’ असे तिला विचारू नका. उद्या तीच आपणांस उभे करील.